पंप लपवू नका : मुलांच्या दम्याविषयी थोडं



मागच्या भागात आपण उतारवयातल्या गुडघेदुखीविषयी बोललो. त्यानंतर बडोद्याहून एका आजींचा निरोप आला. त्या म्हणतात, "कर्नलसाहेब, आमच्या गुडघ्यांचं राहू द्या. माझ्या सहा वर्षांच्या नातवाला डॉक्टरांनी पंप दिलाय. एवढ्या लहान पोराला पंप द्यायचा का? एकदा लावला की आयुष्यभर सवय लागते म्हणतात. सुनेला मी थांबवून ठेवलंय."

आजी, तुमचा निरोप वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण तीस वर्षांपूर्वी मीही माझ्या बायकोला असंच थांबवून ठेवलं होतं. त्याची किंमत माझ्या मुलाला जवळजवळ जिवानिशी चुकवावी लागली असती. म्हणून आजचा भाग मुलांच्या दम्यावर. मी डॉक्टर नाही, सैनिक आहे. जे सांगणार आहे ते वर्षानुवर्षं डॉक्टरांकडून शिकलेलं आणि घरात वापरून पाहिलेलं आहे. तुमच्या मुलाचं औषध मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

जबलपूरची ती रात्र

साल १९९५. माझं पोस्टिंग जबलपूरला होतं. मुलगा सात वर्षांचा. त्याला पहाटे खोकला यायचा, पळाला की छाती वाजायची. त्याआधी सिकंदराबादला असतानाही हेच होतं. तेव्हा माझ्या आईच्या आग्रहाखातर मृगाच्या दिवशी हैदराबादला नेऊन त्याला माशाचं औषधही दिलं होतं. औषध भरलेला छोटा जिवंत मासा गिळायला देतात, ते. त्या पावसाळ्यात त्याला बरं वाटलं आणि आम्ही खूश झालो. हिवाळ्यात खोकला परत आला.

आमच्या युनिटचे मेडिकल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन, मला दोनदा म्हणाले, "सर, हा दमा आहे. पंप सुरू करू या." दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. कारण सांगितलं सवयीचं. खरं कारण वेगळं होतं. माझे वडील फौजेत होते, मी फौजेत होतो, आणि मुलगा एनडीएत जाणार हे मी त्याच्या बारशालाच ठरवलं होतं. दम्याचा इतिहास असलेल्याला सैन्यात घेत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. कागदावर "दमा" लिहिलं गेलं की माझं स्वप्न संपलं. मग मी त्याला "ॲलर्जीचा खोकला" म्हणत राहिलो आणि कफ सिरप पाजत राहिलो. वर त्याला सांगायचो, "काही नाही होत, सैनिकाचा मुलगा आहेस, पळ."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कॉलनीत फटाक्यांचा धूर कोंडला होता. दोन वाजता बायकोने मला हलवून उठवलं. मुलगा पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. मानेचे स्नायू ताणलेले, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती. त्याला "बाबा, मला पाणी द्या" एवढं म्हणायचं होतं. "बाबा" म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला. "मला" म्हणाला, परत थांबला. पुढचे शब्द आलेच नाहीत.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावला, सलाईनमधून औषध दिलं. पहाटे पाचला त्याच्या ओठांचा रंग परत आला. कॅप्टनसाहेब रात्रभर तिथेच होते. मला एका बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, याला दमा आहे हे याच्या छातीला माहीत आहे. कागदावर न लिहिल्याने तो जात नाही."

मी माझ्या नोकरीत पुष्कळ आदेश ऐकले. इतका खरा दुसरा ऐकला नाही.

छातीत नेमकं काय होतं?

आपली श्वासनलिका म्हणजे उलटं झाड समजा. खोडाच्या फांद्या होतात, फांद्यांच्या डहाळ्या, आणि त्या फुप्फुसात पसरतात. दमा असलेल्या मुलात या नळ्यांचं अस्तर सतत थोडं सुजलेलं आणि चिडकं असतं. त्यावर धूर, धूळ, थंड हवा किंवा साधी सर्दी आदळली की तीन गोष्टी होतात : अस्तर आणखी सुजतं, भोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आत चिकट कफ साठतो. नळी अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडायला अडते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि आपण म्हणतो, "छाती वाजतेय."

हे समजायचं असेल तर नाक चिमटीत धरा आणि शीतपेयाच्या बारीक नळीतून अर्धा मिनिट श्वास घेऊन बघा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करू नका. बाकीच्यांना दहा-पंधरा सेकंदांत घाबरायला होईल. मूल असं अर्धी रात्र काढतं. पुन्हा त्याला "नाटकं करू नकोस" असं कुणी म्हणू नये.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच : झटका थांबला तरी सूज संपलेली नसते. मूल हसतं-खेळतं, आपल्याला वाटतं बरं झालं. आत अस्तर चिडलेलंच असतं.

ओळखायचं कसं?

खोकला रात्री किंवा पहाटे जास्त. पळाल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर खोकला किंवा धाप. प्रत्येक सर्दी छातीत उतरते आणि बरी व्हायला आठवडे घेते. घरात कुणाला दमा, शिंकांची ॲलर्जी किंवा त्वचेचा इसब. या खुणा एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, "डॉक्टर, हा दमा आहे का?"

असं विचारायला सांगतो, कारण आपल्याकडे हा शब्द टाळला जातो. आईवडील घाबरतात म्हणून "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस" किंवा "छातीची ॲलर्जी" असं म्हटलं जातं. मुलगी असेल तर लग्नाची चिंता आतापासूनच. नाव गोड झालं की औषधही अर्धवट होतं.

दुसरी बाजूही सांगतो. छाती वाजणारं प्रत्येक मूल दम्याचं नसतं. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची छाती फक्त विषाणूच्या सर्दीत वाजते आणि मोठं होताना ते थांबतं. खाताना-खेळताना अचानक ठसका लागून त्रास सुरू झाला तर शेंगदाणा किंवा मणी अडकलेला असू शकतो. तिथे पंप नाही, ताबडतोब दवाखाना. खोकल्याबरोबर ताप रेंगाळतो, वजन वाढत नाही, असं असेल तर इतर आजार तपासावे लागतात. साधारण पाच-सहा वर्षांनंतर मूल जोरात फुंकर मारून श्वासाची चाचणी देऊ शकतं. त्याला स्पायरोमेट्री म्हणतात.

पहारा आणि कुमक

आता आजींचा मुख्य प्रश्न. दम्याची औषधं दोन प्रकारची असतात आणि सगळा घोटाळा ती एकच समजण्यात आहे.

पहिलं आराम देणारं. उदाहरणार्थ सालब्युटामॉल. आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं. ही कुमक. हल्ला झाला की बोलवायची.

दुसरं रोज घ्यायचं, सूज उतरवणारं. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन वगैरे. याने लगेच काही वाटत नाही, परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. हा पहारा. गोळीबार थांबला म्हणून आपण सीमेवरचा पहारा उठवतो का? नाही. पण घरोघरी हेच होतं. मुलाला महिनाभर बरं वाटलं की रोजचा पंप बंद, आणि पुढच्या सर्दीत पुन्हा धावाधाव. पहारा कमी करायचा असतो, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि टप्प्याटप्प्याने.

आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल, किंवा मूल रात्री खोकल्याने उठत असेल, तर पहारा कमी पडतोय. डॉक्टरांना लवकर भेटा.

"सवय लागते" म्हणजे काय? पंपाचं व्यसन लागत नाही. चष्मा रोज लावावा लागतो याला आपण व्यसन म्हणत नाही. पंप थांबवल्यावर त्रास परत येतो, तो आजार शिल्लक असतो म्हणून.

"लहान पोराला एवढं जोरदार औषध?" इथे आकडे बघा. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फुंकरीत १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. वीसपट! सिरप पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातं. म्हणून मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंप औषध थेट नळीत पोचवतो. आपण ज्याला सौम्य समजून पाजतो तेच जास्त आहे.

"स्टिरॉइड आहे ना? उंची खुंटेल." ही भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून खरी केवढी ते सांगतो. अमेरिकेत हजारावर मुलांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी काही वर्षं रोज बुडेसोनाइडचा पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची, तो न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे १.२ सेंटीमीटर कमी भरली. एका बोटाच्या रुंदीहून कमी. दुसऱ्या पारड्यात जबलपूरची ती रात्र ठेवा. शिवाय आटोक्यात नसलेला दमाही वाढ रोखतो, आणि झटक्यात तोंडाने द्यावं लागणारं स्टिरॉइड पंपातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. डॉक्टर पुरेल तेवढाच कमीत कमी डोस ठेवतात आणि उंची मोजत राहतात. तुम्हीही दाराच्या चौकटीवर खूण करत जा.

आणि हा पंप सुचला कसा, ऐका. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? त्यातून काम सुरू झालं आणि १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा पंप बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण "म्हाताऱ्यांचा पंप" म्हणतो, तो एका मुलीच्या प्रश्नातून जन्मला.

पंप घ्यायची रीत

चुकीच्या रीतीने घेतलेला पंप जिभेवर आणि घशात संपतो. मुलांसाठी स्पेसर हवाच. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. औषध त्यात साठतं आणि मूल आपल्या गतीने ओढून घेतं. साधारण चार वर्षांपर्यंत त्याला मास्क लावतात, तो नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. मोठ्या मुलांना तोंडात धरायचा स्पेसर.

मुलाला ताठ बसवा. पंप हलवा, स्पेसरला जोडा, एकच फुंकर मारा. मुलाला पाच-सहा शांत श्वास घेऊ द्या. दुसरी फुंकर हवी असेल तर पंप परत हलवून तसंच. दोन फुंकरी एकदम मारू नका. रोजचा पंप झाला की चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. घासण्याआधी पंप घेतला की दात घासताना चूळ आपोआप होते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटतं.

दारूगोळ्याचा हिशेबही ठेवा. पंप हलवून तो संपला की नाही हे कळत नाही, कारण औषध संपलं तरी वायू उरतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर उत्तम. नसेल तर गणित करा : २०० मात्रांचा पंप, रोज ४ फुंकरी, म्हणजे ५० दिवस. संपण्याची तारीख पंपावर लिहून ठेवा. पंपांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून एकावर "रोज" आणि दुसऱ्यावर "त्रासात" अशी चिठ्ठी चिकटवा. दमादम झाली की माणसाला रंग आठवत नाहीत.

झटका आला तर

डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : त्रास झाला तर कोणता पंप, किती फुंकरी, किती वेळाने. हा कागद फ्रीजवर लावा. आजी-आजोबांना, कामवाल्या ताईंना, शेजाऱ्यांना वाचून दाखवा.

मुलाला आडवं करू नका, बसवा. कपडे सैल करा. आराम देणारा पंप स्पेसरने, साधारण दोन ते चार फुंकरी, एकेक करून. तुमच्या कागदावरचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. वीस मिनिटांत आराम नसेल तर परत द्या आणि दवाखान्याकडे निघा.

काही खुणा दिसल्या तर वीस मिनिटंही थांबू नका. एक वाक्य सलग बोलता येत नाही. बरगड्या आत ओढल्या जातात. ओठ निळसर पडतात. मूल सुस्त होतं. वाजणारी छाती अचानक शांत होते पण मूल थकलेलंच दिसतं. ही शांतता फसवी असते, हवा जातच नाही म्हणून आवाज थांबतो. १०८ किंवा ११२ ला फोन करा, आणि वाटेतही पंप चालू ठेवा.

आणि तुमचा आवाज खाली ठेवा. घाबरलेलं मूल आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. "मी इथेच आहे, माझ्याबरोबर हळू श्वास सोड." एवढं पुरतं. "तरी सांगत होतो आइस्क्रीम खाऊ नकोस" हे त्या वेळी बोलायचं नसतं.

घर आणि हवा

तुम्ही दिल्ली-चंदीगडकडे असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पराळी आणि वाहनांचा धूर. इंदूर-भोपाळकडे आणि दख्खनच्या पठारावर गाजरगवताचे पराग. कोकण, गोवा, केरळकडे भिंतींची ओल आणि बुरशी. शत्रू ठिकाणानुसार बदलतो. तुमच्या मुलाला कशाने त्रास होतो, त्याची महिनाभर वहीत नोंद ठेवा.

काही शत्रू मात्र सगळीकडे सारखे. घरातली सिगारेट-बिडी. बाल्कनीत ओढली तरी कपड्यांतून आत येते. मच्छर कॉइल, तिच्याऐवजी मच्छरदाणी. धूप आणि उदबत्ती, देवाला फूल आणि निरंजन पुरेसं आहे. उशी-गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे, म्हणून चादरी आणि उशीचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात, उन्हात वाळवून. झुरळं. झाडू मारताना मूल दुसऱ्या खोलीत. पण घर निर्जंतुक करण्याच्या नादात मुलाला कोंडू नका.

शाळा आणि मैदान

वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षिकेला आणि पीटीच्या सरांना भेटा. कागदाची एक प्रत द्या. आराम देणारा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद नको, मुलाच्या हाताशी हवा. रात्री खोकणारं मूल वर्गात पेंगतं, चिडतं. त्याला आळशी म्हणण्याआधी रात्र कशी गेली ते विचारा. आणि इतर मुलांना साफ सांगा की दमा संसर्गाने होत नाही, डबा खुशाल वाटून खा.

खेळ बंद करू नका. खेळता येत नसेल तर दमा आटोक्यात नाही, औषध तपासा. काही मुलांना डॉक्टर खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पंप घ्यायला सांगतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या एमी व्हॅन डायकन यांना लहानपणापासून दमा होता. २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांनाही दमा आहे.

उपाय-उताऱ्यांविषयी माझं म्हणणं एवढंच. दमा चढउताराचा आजार आहे, आणि बऱ्याच मुलांचा वयानुसार मागे पडतो. त्यामुळे त्या काळात जे काही दिलं असेल, त्याला श्रेय मिळतं. आमच्या माशालाही मिळालं होतं, पण असा उपाय शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, त्यासाठी रोजचा पंप मात्र थांबवू नका.

शेवटी

माझा मुलगा सैन्यात गेला नाही. दहावीला असताना मीच त्याला समोर बसवून सांगितलं की ते दार बंद आहे, आणि ते बंद असल्याचा राग मी सात वर्षांचा असताना त्याच्यावर काढला. तो म्हणाला, "बाबा, मला कधीच जायचं नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." त्याच्या छातीवर दम्याबरोबर माझंही ओझं होतं.

आज तो बंगळुरूला असतो, रविवारी दहा किलोमीटर पळतो. त्याच्या मुलालाही दमा आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी होतो. पाहुणे बसले होते आणि पाच वर्षांचा नातू सगळ्यांसमोर स्पेसर घेऊन आला, माझ्या मांडीवर बसला आणि म्हणाला, "आजोबा, मोजा." मी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाहुण्यांतलं कुणी काही बोललं नाही. तो उतरून खेळायला पळाला.

तर बडोद्याच्या आजी, सुनेला थांबवू नका. उद्या सकाळी नातवाला तुमच्याच मांडीवर घ्या आणि श्वास मोजा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.